पायथॉनच्या साध्या वेब सर्व्हरवरून प्रतिसाद तुकड्यातुकड्याने कसा पाठवावा?

प्रश्न:
पायथॉनच्या अंगभूत 'एचटीटीपी.सर्व्हर' मॉड्यूलवर मी एक छोटा सर्व्हर लिहिला आहे. बराच वेळ चालणाऱ्या एका कामाच्या प्रगतीची एकेक ओळ ब्राउझरमध्ये उमटत जावी, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी प्रोटोकॉलची आवृत्ती १.१ केली, 'ट्रान्सफर-एन्कोडिंग: चंक्ड' (प्रतिसाद तुकड्यांत येईल असे सांगणारे) हे हेडर दिले आणि प्रत्येक ओळीआधी तिची लांबी लिहिली. चाचणीच्या पाच-सहा अक्षरी इंग्रजी ओळी व्यवस्थित पोहोचतात. मराठी ओळ आली की मात्र ब्राउझर त्रुटी दाखवून थांबतो. चूक कोठे असावी?

उत्तर १:
आपण लांबी अक्षरांत मोजत असाल. ती बाइट्समध्ये हवी. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइट्समध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेते, त्यामुळे 'नमस्कार' या शब्दाची लांबी पायथॉन ७ सांगत असला, तरी प्रत्यक्षात २१ बाइट्स जातात. म्हणून आधी मजकूर एन्कोड करावा (बाइट्समध्ये बदलावा) आणि मग मोजावे. शिवाय ही संख्या हेक्साडेसिमल (१६ पाया असलेल्या) पद्धतीत लिहायची असते, म्हणजे येथे २१ नव्हे, तर १५. आपल्या इंग्रजी ओळी १० बाइट्सपेक्षा लहान असल्यामुळे ही दुसरी चूक (केली असल्यास) झाकली गेली असेल. लांबीनंतर आणि मजकुरानंतरही सीआर-एलएफ (ओळ संपल्याची दोन चिन्हे) हवे. शून्य लांबीचा तुकडा म्हणजे प्रतिसादाची समाप्ती, तेव्हा रिकामी स्ट्रिंग चुकूनही पाठवू नये.

उत्तर २:
मुळात एवढा खटाटोप आवश्यक आहे का, हेही पाहावे. या मॉड्यूलमध्ये प्रोटोकॉलची मूळ आवृत्ती १.० आहे आणि तीत लांबी न सांगता लिहीत जाऊन शेवटी जोडणी बंद केली, तरी चालते. मात्र प्रतिसाद पूर्ण झाला की मध्येच तुटला, हे ग्राहकाला ओळखता येत नाही.

प्रश्नकर्ता:
दोन्ही चुका होत्या, आभारी आहे. तुटलेला प्रतिसाद ओळखता यायला हवा, म्हणून चंक्ड पद्धतच ठेवली. आता 'कर्ल'मध्ये (कमांड-लाइनवरून विनंती पाठवणाऱ्या साधनात) बफरिंग, म्हणजे मजकूर साठवून एकदम देणे, बंद केल्यावर ओळी एकेक करून दिसतात, परंतु एन्जिनएक्स या विनंत्या पुढे धाडणाऱ्या मध्यस्थ वेब सर्व्हरमागे माझा सर्व्हर ठेवला की सगळ्या शेवटी एकदम येतात.

उत्तर १:
एन्जिनएक्स मागच्या सर्व्हरचा प्रतिसाद स्वतःहून बफर करतो. 'एक्स-ॲक्सेल-बफरिंग: नो' हे हेडर पाठवावे, म्हणजे तेवढ्या प्रतिसादापुरते बफरिंग बंद होईल. साधा 'एचटीटीपीसर्व्हर' वर्ग एका वेळी एकच विनंती हाताळतो. आपला प्रवाह चालू असेपर्यंत इतर सर्वजण ताटकळतील. पायथॉन ३.७ पासून उपलब्ध असलेला 'थ्रेडिंगएचटीटीपीसर्व्हर' वापरावा.