जपानमध्ये शेजाऱ्यांशी खरा घरोबा कोणत्या उपक्रमांतून होतो?

मीनल_र

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी आम्ही कावासाकीला राहायला आलो. यजमान येथील एका कंपनीत अभियंता आहेत आणि मुलगी घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीत आहे. मला हिरागाना आणि काताकाना या जपानी अक्षरमाला वाचता येतात, बाजारहाट निभावते, पण मोकळेपणाने गप्पा माराव्यात इतके जपानी अजून येत नाही.

वसंत ऋतूत एका संस्थेने भरवलेल्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात मला साडी नेसवून दाखवण्यासाठी आणि रांगोळी काढण्यासाठी बोलावले होते. कार्यक्रम नेटका झाला, लोक अतिशय आपुलकीने वागले, अनेकांनी छायाचित्रे काढली, आणि संध्याकाळी सर्वजण एकमेकांना वाकून नमस्कार करून आपापल्या घरी गेले. त्यांपैकी कोणाशीही नंतर भेट झालेली नाही. माझी कोणाबद्दल तक्रार नाही, परंतु पाहुणी म्हणून गेले आणि पाहुणी म्हणूनच परत आले असे वाटत राहते. मला या वस्तीत शेजारीण म्हणून राहायचे आहे.

आता आमच्याकडे चोनाइकाईचे, म्हणजे वस्तीतील रहिवाशांच्या मंडळाचे, पत्रक आले आहे. सभासद व्हावे का, झाल्यास आमच्याकडून कोणती अपेक्षा असते, आणि भाषा कच्ची असताना सुरुवात कोठून करावी? ज्यांचे शेजाऱ्यांशी खरोखरीचे जाणे-येणे सुरू झाले, त्यांनी ते कशातून जुळले हे सविस्तर लिहिल्यास फार उपकार होतील.

श्रीपाद_हामामात्सु

मीनलताई, सभासद अवश्य व्हा. हे सभासदत्व ऐच्छिक असते, कायद्याची सक्ती नसते, आणि वर्गणी बहुतेक ठिकाणी महिन्याला काहीशे येनच्या घरात असते. त्या बदल्यात काइरानबान तुमच्या दारी येऊ लागते. फळीला अडकवलेली ही पत्रके वाचून, सही किंवा शिक्का करून, पुढच्या घरी पोहोचवायची असतात. अक्षरे कळली नाहीत तरी ती फळी दाराशी ठेवून परतू नका. घंटी वाजवून हातात द्या आणि त्यातील महत्त्वाची तारीख कोणती एवढेच विचारा. वस्तीत कोण कोठे राहते आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे मला प्रथम या फळीमुळेच कळले.

आमच्या हामामात्सुचा अनुभव तुम्हाला उपयोगी पडावा. १९९० साली येथील इमिग्रेशन कायद्यातील दुरुस्ती अमलात आली आणि जपानी वंशाच्या ब्राझिलियन व पेरुवियन लोकांना येथे राहून काम करण्याची वाट मोकळी झाली. हजारो कुटुंबे मोटारी आणि वाद्यांचे कारखाने असलेल्या या शहरात आली. सुरुवातीच्या काळात गृहसंकुलांमध्ये कचऱ्याचे वर्गीकरण, रात्रीचा आवाज आणि वाहने लावण्याच्या जागा यांवरून बरीच कटुता झाली, कारण नियम कोणी समजावून सांगितलेले नव्हते आणि नव्यांना ते कोणाला विचारावेत हेही ठाऊक नव्हते. परदेशी रहिवाशांची संख्या मोठी असलेल्या शहरांची परिषद २००१ साली येथेच स्थापन झाली आणि शिक्षण, आरोग्य विमा व नोंदणी या प्रश्नांवर त्यांनी केंद्र सरकारकडे एकत्रितपणे मागण्या मांडल्या. सरकारी पातळीवरचे हे काम आवश्यकच होते, परंतु माझ्या पाहण्यात शेजार जुळला तो रविवारच्या साफसफाईत.

आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी रस्त्याकडेची गटारे साफ करण्याचा दिवस असतो. सकाळी आठला लोक पांढरे सुती हातमोजे घालून जमतात. सिमेंटची झाकणे जड असल्यामुळे ती उचलण्यासाठी दोन टोकांना आकडे असलेले लोखंडी साधन आणलेले असते आणि ते चालवण्यास समोरासमोर दोन माणसे लागतात. एकाने उचलायचे आणि दुसऱ्याने थांबायचे असे करून चालत नाही, दोघांचा जोर एकाच क्षणी लागावा लागतो. गाळ फावड्याने पोत्यांत भरायचा, पोती कोपऱ्यावर रचायची, झाकणे पुन्हा बसवायची. या सगळ्याला जेमतेम दहा शब्द पुरतात. काम संपल्यावर प्रत्येकाला थंड चहाची बाटली मिळते आणि लोक कट्ट्यावर थोडा वेळ टेकतात. माझ्यासमोर जे गृहस्थ त्या साधनाच्या दुसऱ्या टोकाला असत, त्यांनीच पुढे मला भाजीच्या वाफ्यासाठी जागा मिळवून दिली आणि माझ्या मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी फॉर्म भरण्यास ते स्वतः घरी आले.

२०२४ च्या अखेरीस जपानमधील परदेशी रहिवाशांची संख्या ३७ लाखांच्या पुढे गेली आहे. दुसरीकडे चोनाइकाईतील माणसे वयोवृद्ध होत चालली आहेत आणि झाकणे उचलणारे हात कमी पडत आहेत. तुम्ही आणि तुमचे यजमान दोघेही तेथे गेलात, तर तुमचे स्वागत मनापासून होईल याची मला खात्री आहे.

वैजू_कोबे

श्रीपादरावांशी सहमत आहे. त्यात मी आपत्ती-सरावाची भर घालते, आणि माझ्या मते सुरुवात तेथूनच करावी.

आमच्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंप झाला. त्या आपत्तीत ६,४०० हून अधिक माणसे दगावली. नागाता भागात कोरियन वंशाचे आणि व्हिएतनामी लोक मोठ्या संख्येने राहत होते, चपला-बुटांच्या लहान कारखान्यांत काम करत होते, आणि भूकंपानंतर पाणी कोठे मिळेल व निवारा कोणत्या शाळेत आहे या घोषणा त्यांच्यापैकी अनेकांना कळतच नव्हत्या. त्या अनुभवातून तेथे अनेक भाषांत प्रसारण करणारे सामुदायिक रेडिओ केंद्र उभे राहिले. हिरोसाकी विद्यापीठातील संशोधकांनीही आपत्तीच्या वेळी वापरावयाच्या सोप्या जपानीवर काम सुरू केले. त्यात वाक्ये आखूड असतात, अवघड चिनी शब्द टाळलेले असतात आणि एका वाक्यात एकच सूचना दिलेली असते. आज अनेक महानगरपालिका आपली पत्रके अशा जपानीत काढतात. तुमच्या विभाग कार्यालयात ती अवश्य मागा.

१९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मरणार्थ १ सप्टेंबर हा आपत्ती प्रतिबंधक दिन पाळला जातो आणि त्या सुमारास किंवा शरद ऋतूत बहुतेक वस्त्यांत सराव होतो. तेथे पाण्याने भरलेले अग्निशामक नळकांडे चालवून पाहता येते, धुराच्या तंबूतून वाकून बाहेर पडायचे असते, दोन बांबू आणि एक घोंगडी घेऊन स्ट्रेचर तयार करायचे असते. त्या स्ट्रेचरवर झोपण्यास कोणीतरी लागतेच, आणि लहान मुले त्यासाठी हौसेने पुढे येतात. तुमची लेक तेथे चार शेजाऱ्यांच्या हातांवरून मैदानभर फिरेल, मग तिचे नाव सर्वांना पाठ होईल.

शेवटी उकळते पाणी ओतून तयार होणारा साठवणीचा भात वाटतात. त्यात बहुधा कोंबडी किंवा मासळीचा अर्क असतो. मी शाकाहारी आहे आणि हे आधी सांगावे की न सांगावे याचा संकोच मला होता, परंतु मंडळाच्या अध्यक्षांना ते कळल्यावर त्यांनी वही काढून नोंद केली आणि पुढच्या वर्षीच्या साठ्यात साध्या पांढऱ्या भाताची वेगळी खोकी आली. त्या खोक्यांमुळे वस्तीतील एका इंडोनेशियन कुटुंबाचीही सोय झाली. संकटात आपण कोणाची काळजी घ्यायची आणि आपली कोणी घ्यायची, हे त्या मैदानावर प्रत्यक्ष ठरत असते. म्हणून तेथील ओळख वरवरची राहत नाही.

निशिकासाईकर

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, तरीही सणांची आणि मेळाव्यांची बाजू मांडणे मला गरजेचे वाटते.

तोक्योच्या एदोगावा विभागातील निशिकासाई परिसरात २००० सालच्या आसपास संगणक अभियंत्यांच्या निमित्ताने भारतीय मंडळी मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. तोझाई या भुयारी रेल्वेमार्गाने ओतेमाची हा कार्यालयांचा भाग थेट गाठता येतो, आणि निमसरकारी यूआर संस्थेच्या सदनिकांना जामीनदार किंवा परत न मिळणारी पागडी लागत नसल्यामुळे नव्याने आलेल्यांना घर मिळणे सोपे गेले. येथील दिवाळीला आज जपानी शेजारी मोठ्या संख्येने येतात. २०१९ साली मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक याच एदोगावाच्या विभाग सभेवर निवडून आले. जपानी नागरिकत्व घेतलेल्या माणसाला मिळालेली ही मते केवळ भारतीयांची असणे शक्य नाही, कारण परदेशी नागरिकांना येथे मतदानाचा हक्कच नाही.

मीनलताई, मेळावा तुम्हाला कोरडा वाटला, त्याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे असे असावे की तयारी दुसऱ्यांनी केली आणि तुम्हाला फक्त त्या दिवशी बोलावले. आमच्याकडे दिवाळीसाठी तंबू आणि घडीची टेबले चोनाइकाईकडून उसनी आणावी लागतात. त्यासाठी आधी बैठक, मग किल्लीचा ताबा, मग कोठारातून सामान काढणे, कोणता खांब कोणत्या तंबूचा हे रंगीत फितीवरून ओळखणे, आणि नंतर सर्व पुसून मोजून परत ठेवणे, असा सगळा व्याप असतो. कोठाराची किल्ली सांभाळणारे आजोबा पहिल्या वर्षी दाराशी उभे राहून प्रत्येक खांब मोजून घेत होते. आता ते स्वतः पणत्या लावायला येतात.

आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी असावी. त्यांच्या उन्हाळी उत्सवात मिकोशी, म्हणजे देवाची पालखी, उचलायला बहुतेक ठिकाणी माणसे कमी पडत आहेत. विचारले तर अंगात घालायचा हाप्पी कोट उसना मिळतो. तो घडी करून, धुऊन परत करावा, म्हणजे पुढच्या वर्षी तो तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेला असतो. बोन ओदोरीचा नाच तर गोलात शिरून पुढच्या माणसाचे हात पाहत शिकता येतो.

अनुराधा_सा

मी सायतामा प्रांतात राहते आणि थोडा सावधपणाचा सूर लावते आहे.

कावागुची शहरातील शिबाझोनो या १९७८ सालच्या गृहसंकुलात निम्म्याहून अधिक रहिवासी परदेशी आहेत, त्यांत चिनी तरुण कुटुंबे सर्वाधिक आहेत, तर जपानी रहिवासी बहुतांशी वृद्ध आहेत. दोन्ही बाजूंच्या मनात फार वाईट काही नव्हते, तरीही दिवसाची वेळापत्रकेच एकमेकांना छेदत नसल्यामुळे भेट होत नसे. एक काळ असा होता की तेथील टेबलांवर चिनी लोकांविरुद्ध मजकूर लिहिलेला असे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने २०१५ पासून तेथे काम सुरू केले आणि रहिवाशांना एकत्र बोलावून त्या टेबलांवर सर्वांच्या हातांचे रंगीत ठसे उमटवले. त्यानंतरही सर्वांची मैत्री झाली असे नाही, आणि ती तशी होण्याची अपेक्षाही करू नये. जिन्यात भेटल्यावर बोलता यावे, पाणी गळले तर दार वाजवता यावे, एवढी ओळख झाली तरी शेजारातील बरीचशी भीती नाहीशी होते. मैत्री त्यातील एखाद-दुसऱ्याशीच होते, आणि ती कोणाशी होईल हे आपण ठरवू शकत नाही.

तुमच्यासाठी तीन गोष्टी सुचवते. कोमिनकान, म्हणजे वस्तीतील सार्वजनिक केंद्र, किंवा सांस्कृतिक केंद्रात स्वयंसेवकांचे जपानीचे वर्ग असतात. ते मोफत किंवा नाममात्र शुल्कात चालतात, आणि शिकवणाऱ्यांत निवृत्त मंडळी बरीच असतात. त्यांना शिकणाऱ्याच्या प्रगतीत मनापासून रस असतो आणि दर आठवड्याला ठरलेल्या वेळी एकाच माणसासमोर बसल्याने नाते आपोआप दृढ होते.

दुसरे, उन्हाळी सुट्टीत अनेक वस्त्यांत सकाळी साडेसहाला रेडिओवरच्या संगीतावर कवायत होते. १९२८ साली सुरू झालेली ही कवायत आजही आबालवृद्धांना तोंडपाठ असते. मुले गळ्यात पुठ्ठ्याचे हजेरीपत्रक अडकवून येतात आणि कवायतीनंतर शिक्का घेण्यासाठी रांग लावतात. रांगेत मुलांच्या मागे त्यांचे आई-वडील उभे असतात, आणि त्यांच्याशी बोलण्यास "आज फार उकडते आहे" एवढे वाक्य पुरते.

तिसरे, तुम्ही कावासाकीत आहात हे तुमचे भाग्य. या शहराने १९९६ साली परदेशी रहिवाशांची प्रतिनिधी सभा स्थापन केली. तिचे जास्तीत जास्त २६ सदस्य असतात, ते अर्ज मागवून निवडले जातात आणि त्यांच्या शिफारशी महापौरांकडे जातात. भाषा थोडी सुधारल्यावर तेथे जरूर अर्ज करा.

मीनल_र

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आज सभासदत्वाचा फॉर्म भरून आमच्या गटप्रमुख बाईंच्या हातात दिला. गटारांचा दिवस यंदा होऊन गेला आहे, परंतु आपत्ती-सराव नोव्हेंबरमध्ये आहे असे त्यांनी सांगितले, आणि काय मदत करू असे मी विचारताच पाणी तापवण्याच्या कामासाठी आमची नावे लिहून घेतली. वैजूताई, आम्हीही शाकाहारी आहोत. अध्यक्षांना हे कसे सांगावे? समोरासमोर बोलताना माझी वाक्ये अडखळतात.

वैजू_कोबे

मीनल, तोंडी सांगण्याची घाई करू नकोस. मांस, मासे, मासळीचा अर्क आणि अंडी यांपैकी काय चालते व काय चालत नाही हे जपानीत मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिही, खाली घराचा क्रमांक आणि माणसांची संख्या घाल, आणि तो कागद सप्टेंबर संपण्यापूर्वी गटप्रमुखांकडे दे. साठ्याची मागणी सरावाच्या बरीच आधी नोंदवली जाते, त्यामुळे त्या दिवशी सांगून उपयोग होत नाही. मसुदा येथे टाकलास तर मी तपासून देईन.