विनाशिकांची स्क्वॉड्रन म्हणजे नेमकं काय? (अमेरिकेची २३वी स्क्वॉड्रन आणि ‘३१ नॉट’)

निळाई:
दुसऱ्या महायुद्धातल्या, पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांच्या लढायांबद्दल सध्या वाचतोय. अमेरिकी नौदलाच्या २३व्या विनाशिका (डिस्ट्रॉयर) स्क्वॉड्रनचं नाव सारखं येतं. तीन शंका आहेत.
१) स्क्वॉड्रन, डिव्हिजन आणि टास्क फोर्स यांत फरक काय?
२) १९४२ मध्ये अमेरिकी विनाशिकांचे पाणतीर (टॉर्पेडो) जवळजवळ वाया गेले. वर्षभरात असं काय बदललं?
३) या स्क्वॉड्रनच्या फ्लेचर वर्गाच्या विनाशिका ३५ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वर पळायच्या म्हणतात. मग तिचा प्रमुख कमोडोर आर्ली बर्कचं ‘३१ नॉट बर्क’ हे नाव कौतुकाचं कसं?

गलबत:
पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्या काळची अमेरिकी विनाशिका स्क्वॉड्रन म्हणजे चार-चार जहाजांच्या दोन डिव्हिजन, म्हणून एकूण आठ, कधी नऊ जहाजं. तिचा प्रमुख कॅप्टन हुद्द्याचा, पण त्याला ‘कमोडोर’ म्हणत. टास्क फोर्स ही त्या-त्या मोहिमेपुरती बांधलेली मोट. स्क्वॉड्रन मात्र कायमची. सराव, दुरुस्ती, माणसं, शिस्त हे सगळं तिच्या अंगावर.

कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, समुद्रात मात्र तो जीवघेणा ठरतो. ३० नोव्हेंबर १९४२ची तासाफरोंगाची लढाई पाहा. अमेरिकेची वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेली, एकत्र सराव न झालेली जहाजं. ‘फ्लेचर’ या विनाशिकेवरून कमांडर कोल यांनी पाणतीर सोडायची परवानगी मागितली. ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल राइट यांनी ती द्यायला चार-पाच मिनिटं घेतली. तेवढ्यात जपानी जहाजं बाजूने निघून गेली.

इथे भूमितीचा मुद्दा आहे. लक्ष्य समोरून येत असेल तर पाणतीर आणि लक्ष्य दोघंही एकमेकांकडे धावतात, अंतर झपाट्याने मिटतं. तेच लक्ष्य पुढे सरकून गेलं की पाणतिराला मागून पाठलाग करावा लागतो, त्याची धाव संपते आणि नेमही ढळतो. त्या रात्री अमेरिकेचा एकही पाणतीर कामी आला नाही. उलट जपान्यांनी चार क्रूझरना पाणतीर मारले, त्यातली ‘नॉर्दॅम्प्टन’ बुडाली.

बर्कचा आग्रह यावरच होता. शत्रू दिसला की विनाशिकांनी हुकमाची वाट न पाहता हल्ला चढवायचा. असा मोकळा हात द्यायचा तर आपलं प्रत्येक जहाज त्या क्षणी काय करेल हे प्रमुखाला आधीच ठाऊक हवं. एकाच वर्गाची, एकत्र घोटून तयार झालेली जहाजं हवीत ती याचसाठी. माझ्या मते स्क्वॉड्रनचं खरं काम हेच, बाकी सगळी कारकुनी.

दर्याराग:
दुसऱ्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत: हत्यार आणि डाव.

हत्यार म्हणजे मार्क १५, २१ इंची पाणतीर. तो ठरवलेल्या खोलीपेक्षा खाली धावायचा आणि त्याला फोडणारा मार्क ६ चुंबकीय डिटोनेटर (लक्ष्याच्या लोखंडाच्या चुंबकत्वाने चालणारा) भरवशाचा नव्हता. कधी अकाली फुटायचा, कधी फुटायचाच नाही. ६-७ ऑगस्ट १९४३च्या रात्री वेला आखातात कमांडर मूसब्रुगर यांनी चुंबकीय भाग बंद केला आणि पाणतीर कमी खोलीवर लावले. नळीतून सोडताना होणारा भडका झाकायचीही सोय केली. मग रडारवर नेम धरून तीन विनाशिकांनी ६३ सेकंदांत २४ पाणतीर सोडले. तोफा तोवर गप्प. पाणतीर लागल्यावरच दुसऱ्या डिव्हिजनने वेगळ्या दिशेने तोफा सुरू केल्या. चारपैकी तीन जपानी विनाशिका बुडाल्या, एकटी ‘शिगुरे’ निसटली.

हाच डाव बर्कने २४-२५ नोव्हेंबर १९४३च्या रात्री न्यू आयर्लंड बेटाच्या केप सेंट जॉर्ज या टोकाजवळ वापरला. ‘चार्ल्स ऑसबर्न’, ‘क्लॅक्स्टन’ आणि ‘डायसन’ ही ४५वी डिव्हिजन त्याच्या हाताखाली, ‘कॉन्व्हर्स’ आणि ‘स्पेन्स’ ही ४६वी कमांडर ऑस्टिनकडे. रडारवर शत्रू सुमारे २२,००० यार्डांवर, म्हणजे २० किलोमीटरवर उमटला. बर्कच्या तीन जहाजांनी पाचेक किलोमीटरवरून प्रत्येकी पाच असे १५ पाणतीर सोडले. फ्लेचर वर्गाच्या जहाजावर पाणतिराच्या दहा नळ्या असतात, म्हणजे निम्मे राखून ठेवले. सोडल्या सोडल्या तिघी काटकोनात उजवीकडे वळल्या, कारण तोफांचा भडका दिसला नाही तरी जपानी पाणतीर उलट येणार हे गृहीतच होतं. जपानी विनाशिका ‘ओनामी’ स्फोटात गेली. ‘माकिनामी’ मोडली आणि ४६व्या डिव्हिजनने ती संपवली. पाठलाग करताना बर्कने मध्येच ४५ अंश वळण घेतलं आणि लगेच मूळ दिशा धरली. थोड्याच वेळात जपानी पाणतीर त्यांच्या मागच्या फेसाळ पाण्यात फुटले. शेवटी ‘युगिरी’ तोफांनी बुडाली. अमेरिकेचं एकही जहाज गेलं नाही. जपान्यांचा राबाउल तळ जवळ येत होता, उजाडल्यावर विमानं उठली असती, म्हणून चारच्या सुमारास त्याने पाठलाग सोडला. हा निर्णय मला त्या रात्रीच्या पाणतिरांइतकाच मोलाचा वाटतो.

वाफाळ:
३१ नॉटचं कोडं इंजिनखोलीत सुटतं.

फ्लेचर वर्गाच्या जहाजाला चार बॉयलर, जहाज ढकलणारे दोन पंखे (प्रोपेलर), ६०,००० अश्वशक्ती. पुढच्या दोन बॉयलरांची वाफ एका पंख्याला, मागच्या दोघांची दुसऱ्याला. लढाईत दोन्ही बाजू मुद्दाम वेगळ्या ठेवतात, म्हणजे एका बाजूला गोळा लागला तरी दुसरी चालू राहते. केप सेंट जॉर्जला निघताना ‘स्पेन्स’चा एक बॉयलर नळ्या साफ करायचा ब्रश अडकल्याने बंद होता. तिला मागे ठेवायचं नसेल तर उपाय एकच: दोन्ही बाजू जोडायच्या आणि तीन बॉयलरांची वाफ दोन्ही पंख्यांना वाटायची. धोका असा की एक मुख्य नळी फुटली तर सगळीच वाफ जाते. तो पत्करला.

आता हिशोब. शक्ती साधारण वेगाच्या घनाप्रमाणे लागते. पाऊण शक्ती उरली तर वेग सुमारे ९१ टक्के. दारूगोळा आणि तेल भरलेल्या फ्लेचरचा प्रत्यक्ष वेग ३४-३५ नॉट धरा, म्हणजे ३१ येतात. स्क्वॉड्रनचा वेग म्हणजे तिच्यातल्या सगळ्यात हळू जहाजाचा वेग, म्हणून बर्कने ३१ नॉटने येतोय असं कळवलं. एरवी तो ३० कळवायचा. दक्षिण पॅसिफिकचे सरसेनापती अ‍ॅडमिरल हॅल्सी यांच्या मुख्यालयातल्या थर्बर या अधिकाऱ्याने पुढच्या हुकमात त्याला ‘थर्टी-वन नॉट बर्क’ म्हणून प्रेमाने चिमटा काढला. वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि नाव कायमचं चिकटलं.

निळाई:
फारच छान, सगळ्यांचे आभार. पण त्याआधी, २ नोव्हेंबर १९४३ला बुगनविल बेटाजवळच्या एम्प्रेस ऑगस्टा उपसागरातल्या लढाईत हीच स्क्वॉड्रन विस्कटली होती ना?

दर्याराग:
हो, आणि ती लढाई आधी वाचावी. ४५व्या डिव्हिजनने २५ पाणतीर सोडले, पण जपानी ताफ्याने दिशा बदलल्याने सगळे चुकले. वळल्यानंतर तेव्हा या डिव्हिजनमध्ये असलेल्या चौघींना पुन्हा एकत्र यायला तासभर लागला. ४६मध्ये ‘फूट’ने वळणाचा संकेत चुकीचा घेतला, रांगेबाहेर गेली आणि तिच्या पिछाडीला पाणतीर लागला. ‘स्पेन्स’ आणि ‘थॅचर’ एकमेकींना घासल्या. वर बर्कच्या जहाजांनी ‘स्पेन्स’वरच तोफा डागल्या, कारण रडारच्या पडद्यावर आपला ठिपका आणि शत्रूचा ठिपका सारखाच. ‘सेंदाई’ क्रूझर आणि ‘हात्सुकाझे’ विनाशिका बुडाल्या, पण मुख्यतः अमेरिकी ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल मेरिल यांच्या क्रूझरांमुळे आणि जपान्यांच्या आपसातल्या टकरीमुळे. केप सेंट जॉर्जला दोन डिव्हिजनमधला ताळमेळ दिसतो तो या धड्यानंतरचा.

वाफाळ:
‘स्पेन्स’चा शेवटही इथेच सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. १८ डिसेंबर १९४४च्या फिलिपिन्सजवळच्या वादळात ‘हल’ आणि ‘मोनाहन’ या विनाशिकांबरोबर ती उलटली. सर्व जहाजं मिळून सुमारे ७९० माणसं गेली. तिच्या टाक्या जवळजवळ रिकाम्या होत्या. आदल्या दिवशी तेल घ्यायचा प्रयत्न उधाणात फसला होता. रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून तळ जड करता येतो, पण मग तेल घेण्याआधी ते उपसायला तास जातात आणि उरलेलं पाणी बॉयलरला त्रास देतं. तेल मिळेल या आशेने पाणी भरायला उशीर झाला. युद्धात वरच्या डेकवर वाढवलेल्या तोफा आणि रडारने जहाज आधीच वरजड झालं होतं.

गलबत:
आजचं थोडक्यात. २३वी स्क्वॉड्रन सॅन डिएगोला आहे. कमोडोर आता बहुधा विमानवाहू नौकेवर बसतो आणि सगळ्या गटासाठी पाणबुडीविरोधी आणि पृष्ठभागावरची लढाई सांभाळतो. विमानविरोधी संरक्षण दुसऱ्याकडे असतं.

आपल्याकडेही ही रचना होती. १९४९ मध्ये ब्रिटनकडून घेतलेल्या ‘राजपूत’, ‘रणजित’ आणि ‘राणा’ या तिघींची ११वी विनाशिका स्क्वॉड्रन होती. आज स्क्वॉड्रन हा शब्द मुंबईत सहसा ऐकू येतो तो क्षेपणास्त्र नौकांसाठी. २२व्या मिसाइल व्हेसल स्क्वॉड्रनला ८ डिसेंबर २०२१ रोजी नेव्हल डॉकयार्डमध्ये राष्ट्रपतींचं मानचिन्ह मिळालं. मोठ्या विनाशिका थेट पश्चिम किंवा पूर्व ताफ्याच्या प्रमुखाच्या हाताखाली असतात.