चिनी की जपानी: मराठी माणसाला कुठलं वाक्य लवकर जमतं?

अनाहूत
लिपीमुळे या दोघी बहिणी वाटतात. कूळ वेगळं, वाक्यं तर पार उलटी. 'मी भात खातो' जपानीत 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु'. कर्म आधी, क्रियापद शेवटी, 'वा' आणि 'ओ' आपल्या प्रत्ययांसारखे शब्दामागे. चिनीत 'वो छ् फान': मी-खाणे-भात. ना विभक्ती, ना काळाचं रूप, सगळी मदार क्रमावर. मराठी माणसाने डोळे झाकून जपानी घ्यावी.

टिवल्याबावल्या
साफ असहमत. क्रम जुळतो हे सुख पहिल्या पुस्तकापुरतं. पुढे विशेषणंही चालवावी लागतात: 'आत्सुई' म्हणजे गरम, गरम होतं तर 'आत्सुकात्ता', गरम नाही तर 'आत्सुकुनाई'. आणि आदरार्थी! आपलं 'जा', 'जाता', 'जावं' यावर भागतं. तिथे साधं जाणं 'इकु', मोठी व्यक्ती जाते ते 'इराश्शारु', स्वतःकडे कमीपणा घेऊन गेलात तर 'माइरु'. चिनीत मी, तू, काल, उद्या, कुठेही 'छ्यू' ते 'छ्यू'च.

अनाहूत
रूपं पाठ होतात हो. चिनीत क्रियापदामागे लागणारं 'ल' पाठ करून दाखवा. पोरं त्याला भूतकाळ समजतात आणि फसतात. 'वो त्सोऊ ल' (मी-निघणे-ल) हे माणूस दारात उभा असतानाच म्हणतो, गेलेला नसतोच.

टिवल्याबावल्या
मग आपण चपला शोधताना 'निघालो' म्हणतो ते काय? भूतकाळाचं रूप, माणूस घरातच. मराठी माणसाला 'ल' इंग्रजाआधी कळायला हवं.

वाचनमात्र
(फार दिवसांनी लिहितोय.) चिनी इतकीही उलटी नाही. 'काल घेतलेलं पुस्तक' जपानीत 'किनोऊ कात्ता होन', चिनीत 'त्स्वोथ्येन माय द शू'. तिन्हीकडे पुस्तक शेवटी. शिवाय कर्माआधी 'बा' हा शब्द लावला की चिनीतही कर्म क्रियापदाआधी येतं.

अनाहूत
इतकं जवळचं होतं, तर चिनी ग्रंथ वाचताना जपान्यांना अक्षरांच्या कडेला 'इथून मागे वळा' अशा खुणा का कराव्या लागल्या? अशा चिनी मजकुराला 'कांबुन' म्हणतात, शाळेत आजही शिकवतात. 'वाचणे-पुस्तक' लिहिलेलं, खूण बघून 'पुस्तक-वाचणे' असं म्हणायचं.

टिवल्याबावल्या
ती जपान्यांची अडचण, धागा मराठी माणसाचा आहे. आणि 'वा' आणि त्याच्यासारखाच शब्दामागे लागणारा 'गा' यांबद्दल तुम्ही सोयीस्कर गप्प! 'झोऊ वा हाना गा नागाई', हत्तीची सोंड लांब. यात 'वा' हत्तीला, 'गा' सोंडेला. का, ते 'आपल्या प्रत्ययांसारखे' म्हणणाऱ्यांनी सांगावं.