जीटीए या व्हिडिओ गेममध्ये आता कुणाला उडवावंसंच वाटत नाही, तुमचंही असं झालंय का?

रामबागकर:
शाळेत असताना इंदूरला आमच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत जीटीएचा जुना भाग व्हाइस सिटी खेळायचो, मिशन कोण करतंय, पॅन्झर हा चीट कोड टाइप करून रणगाडा मागवायचा आणि पोलीस किती मागे लागलेत ते दाखवणारे सहा स्टार होईपर्यंत दिसेल त्याला चिरडत सुटायचं, मागे उभी पोरं माझ्यापेक्षा जास्त ओरडायची. आता स्वतःचा पीसी घेतला, जीटीए फाइव्ह टाकला, दोन संध्याकाळी तेच केलं आणि तिसऱ्या दिवशी बघतो तर मी लाल सिग्नलला गाडी थांबवून रेडिओ ऐकत बसलोय. वय झालं की काय?

सराफा_रात्री:
वय नाही हो दादा. आपण बघत काय होतो, तर शहर कसं चिडतं ते. व्हाइस सिटीत एका स्टारला एखादा पोलीस मागे धावतो, तीनला हेलिकॉप्टर, पाचला एफबीआय, सहाला आर्मी. हे एकदा पाठ झालं की मग उरतं काय? पे अँड स्प्रे या रंगाच्या गॅरेजमध्ये गाडी घाला, रंग बदलला की सगळं माफ. पकडलं तर हत्यारं जातात, थोडे पैसे जातात, परत रस्त्यावर. जरा लांब जाऊन मागे या, ज्याला उडवलं तो गायब, रस्ता स्वच्छ. काही मोडतच नाही तिथे, मग मोडायची मजा किती दिवस टिकणार.

मालवा_ताई:
हेच लिहिणार होते. रेड डेड रिडेम्प्शन टू (२०१८) खेळून बघा. त्यात ऑनर आहे, म्हणजे तुमच्या वागण्याचं माप, चांगलं वागलं तर दुकानात भाव कमी लागतो, पण मला बदललं ते घोड्याने. मी उगाच एका गावात गोळीबार सुरू केला, त्यात माझा पहिलाच घोडा मेला, त्याला वाचवायचं औषध, रिव्हायव्हर, जवळ नव्हतं. खोगीर काढून खांद्यावर टाकलं आणि पायी निघाले. त्यानंतर विनाकारण बंदूक काढलीच नाही मी.

रामबागकर:
ताई, घोड्याचं वाचून कसंतरीच झालं, घेतोच हा गेम. आणि एक सांगू, तेव्हा दिवेलागणीला घरात पाहिजे म्हणजे पाहिजेच, आजोबा दारात उभे असायचे, म्हणून तो एक तास इतका मोकळा वाटायचा. आता रात्री दोनपर्यंत खेळलो तरी विचारणारं कुणी नाही. मागे ओरडणाऱ्या पोरांपैकी एक अजून सुदामा नगरलाच राहतो, रविवारी बोलावतो त्याला.