भूत शेवटी पळालंच पाहिजे का? ‘वश’, ‘शैतान’ आणि अलीकडचे भयपट

शेवटचा_शो:
काल रात्री ‘वश लेव्हल २’ पुन्हा बघितला आणि झोप काही लागेना, म्हणून हे लिहायला बसलोय. आधीच सांगतो, खाली चार-पाच पिक्चरांचे शेवट फुटणार आहेत, ज्यांनी बघितले नसतील त्यांनी बघून मग या.

आपण बडोद्यातली मराठी माणसं गुजराती नाटकं बघतो, नऊ रात्री गरबा खेळतो, भाजीवालीशी घासाघीस गुजरातीत करतो, पण गुजराती पिक्चर म्हटलं की आपल्याला मित्रांची कॉमेडी नाहीतर लग्नातली धमाल एवढंच आठवतं. मीपण त्यातलाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये कृष्णदेव याज्ञिकचा ‘वश’ लागला तेव्हा मी गेलो नाही, पुढच्या वर्षी त्याचा हिंदी रिमेक ‘शैतान’ आला तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी रांगेत उभा होतो. मूळ पिक्चर मग घरी बघितला आणि खरंच वाईट वाटलं, कारण गेल्या काही वर्षांत आपल्या देशात झालेला सगळ्यात भीतीदायक पिक्चर आपल्या शेजारच्या भाषेत होता, सबटायटल न वाचता समजणारा, आणि आपण तो थेटरात सोडला. ऑगस्ट २०२५ मध्ये ७१ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात ‘वश’ला सर्वोत्कृष्ट गुजराती चित्रपट आणि जानकी बोडीवालाला सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा कुठे आमच्या ऑफिसातल्या लोकांनी नाव ऐकलं.

गोष्ट दोन ओळींची आहे. सुट्टीला निघालेलं कुटुंब, वाटेत भेटलेला गोड बोलणारा माणूस, त्याच्या हातचं काहीतरी मुलगी खाते आणि त्यानंतर तो सांगेल तेच करते. बस. गंमत म्हणजे दोन्ही भाषांत मुलीचा रोल जानकीनेच केलाय, त्यामुळे तुलना करायला सोपं जातं. हिंदीत माधवन चांगलाच आहे, पण शेवटाकडे मोठा विधी येतो, मुलींचा घोळका येतो, अजय देवगणचा बाप सगळ्यांना सोडवतो आणि आपण पार्किंगमधून गाडी काढताना जेवायला कुठे जायचं ते बोलायला लागतो. गुजरातीत तसं सुटायला मिळत नाही. दुसरा भाग सुरू होतो तेव्हा बारा वर्षं झालेली असतात आणि आर्या, म्हणजे ती मुलगी, अजून सुटलेलीच नाही. बाप तिला सांभाळत बसलाय.

माझं म्हणणं एवढंच की भयपटाने आपल्याला सुखरूप घरी आणून सोडलं तर त्याने आपलं काम अर्धवट टाकलं. तुम्हाला काय वाटतं?

रावपुऱ्याची:
मला अजिबात पटत नाही आणि मी हे दोन्ही पिक्चर बघून बोलतेय. माझी मुलगी चौदाची आहे. पडद्यावर एका मुलीला हसवतात, नाचवतात, घरच्यांवर हात उचलायला लावतात, बाप समोर बसून रडतो आणि आपण दीड-दोन तास ते बघत राहतो, ह्याला भीती म्हणायचं? मला भीती नाही वाटली, मला किळस आली आणि राग आला. आणि दुसऱ्या भागात काय केलं, तर एकीच्या जागी शाळाभर मुली घेतल्या. युनिफॉर्ममधल्या मुली गच्चीवरून उड्या टाकतात हे बघून ज्याला भारी वाटतं त्याने एकदा शाळेच्या गेटवर साडेबाराला उभं राहून बघावं.

शेवटाचं म्हणाल तर आपल्याकडे कहाणी साठा उत्तरी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते ती उगाच नाही. ऐकणारी बाई दिवसभर राबून बसलेली असते, तिला गोष्टीतून बाहेर यायला वाट हवी असते. विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ बघा, उसाचं शेत आहे, पोटुशी बाई आहे, आणि मुलींना मारणाऱ्या घराची गोष्ट आहे. मला अजून ऊस बघितला की तो पिक्चर आठवतो. पण त्यात त्या बाईची विटंबना करून मला घाबरवलेलं नाही. तीच गोष्ट त्याने हिंदीत ‘छोरी’ म्हणून केली, तीपण बरी आहे.

मांजलपूरचा:
ताईंना अर्धं अनुमोदन. आणि शेवटचा_शो भाऊ, तू हॉरर-कॉमेडीचं नावच घेतलं नाहीस म्हणजे ती तुझ्या लेखी हॉररच नाही असं दिसतंय, तर त्यावर मला बोलायचंय.

जून २०२४ मध्ये मी आजी आणि भाचीला घेऊन ‘मुंज्या’ला गेलो होतो. आजी आमची सत्तरीच्या पुढची, लग्न होऊन रत्नागिरीकडून बडोद्याला आली आणि मग इथलीच झाली. पिक्चर सुटल्यावर भाची विचारायला लागली की मुंज्या म्हणजे काय, पिंपळावरच का राहतो, आणि आजीने रिक्षात बसल्या बसल्या मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा गेला तर काय होतं ते सांगायला सुरुवात केली ती घर येईपर्यंत थांबली नाही. गेल्या पंधरा वर्षांत आजीने आम्हाला भुताची एक गोष्ट सांगितली नव्हती ने! आम्हीच विचारलं नव्हतं. एका हिंदी पिक्चरने ते घडवलं, तो बनवणारा आदित्य सरपोतदार आपला मराठी माणूस, आणि त्याला कमी लेखायचं कशाला? हसताना माणूस बेसावध होतो आणि बेसावध माणूस जास्त दचकतो. ‘स्त्री २’मध्ये सरकट्याचं मुंडकं येतं तेव्हा माझ्या बाजूचा माणूस हसता हसता किंचाळला होता.

आणि तू तो इंग्रजी ‘वेपन्स’ बघितलास की नाही? एका वर्गातली सतरा मुलं रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी घरातून हात पसरून पळत निघून जातात, त्या धावण्यानेच माझ्या अंगावर काटा आला होता. शेवटी तीच मुलं त्यांच्यावर जादू करणाऱ्या म्हातारीच्या मागे लागतात तेव्हा अख्खं थेटर हसत होतं, टाळ्या पडत होत्या. त्याने पिक्चर छोटा झाला का? मला तर नाही वाटत.

शेवटचा_शो:
@मांजलपूरचा, आजीचं वाचून छान वाटलं, खरंच. पण ‘मुंज्या’ची सुरुवात आठव. १९५२ सालचं कोकण, नुकती मुंज झालेलं पोर, मोठ्या वयाच्या मुलीवर जीव जडलाय आणि तिच्यासाठी तो स्वतःच्या बहिणीचा बळी द्यायला रात्री झाडापाशी जातो. केवढी भयंकर कल्पना आहे ही! ती दहा-पंधरा मिनिटं मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. पुढे तेच पोर कॉम्प्युटरवर बनवलेलं बडबडं भूत होतं आणि आपण त्याला हसायला लागतो, मग बहिणीवर काय प्रसंग आला होता हे कोणाच्या लक्षातच राहत नाही असं मला वाटत राहतं. माझी तक्रार हसण्याबद्दल नाहीये, आधी जे दाखवलं ते विसरायला लावतात त्याबद्दल आहे.

‘वेपन्स’ तर माझ्या बाजूचा आहे यार. टाळ्या पडून गेल्यावर शेवटी निवेदन करणारी मुलगी काय सांगते? मुलं घरी आली पण त्यातली काही आत्ता कुठे बोलायला लागलीत. तो आवाज बंद होतो आणि पिक्चर संपतो. सुटका झाली पण पूर्ण नाही झाली, मी ह्याच्यासाठीच भांडतोय.

ताई, तुमच्या मुद्द्यावर मला नीट विचार करून लिहायचंय, रात्री लिहितो.

साउंडवाला_मकरपुरा:
तुम्ही सगळे गोष्टीवर बोलताय, मी आवाजावर बोलतो कारण माझा धंदा तो आहे, नवरात्रात गरब्याच्या ग्राउंडवर साउंड लावतो आणि बाकी वर्षभर लग्नं. मला ‘कॉन्ज्युरिंग’वाल्यांची बाजू घ्यायची आहे कारण इथे दरवेळी जंप स्केअरला, म्हणजे अचानक मोठ्या आवाजाने दचकवण्याला, शिव्या पडतात. ‘लास्ट राइट्स’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला, गोष्ट ओढलेली आहे, मान्य, पण लग्नाचा ड्रेस ट्राय करायला मुलगी आरशांच्या खोलीत जाते तो सीन नुसता कानाने ऐका. ग्राउंडवर ढोल थांबतो आणि पुढचा ठेका पडायच्या आधी एक श्वासाएवढी शांतता असते, हजारो लोकांचे हात वर अडकलेले असतात, ती शांतता जमली तरच पुढचा ठेका छातीत बसतो. जंप स्केअर म्हणजे तेच. मोठा आवाज कोणीही करेल, मिक्सरची लेव्हल वर केली की झालं, त्याच्या आधीची शांतता बनवायला डोकं लागतं.

आणि एक मनातलं. मी ‘सिनर्स’ आपल्या इथल्या एका मल्टिप्लेक्समध्ये बघितला, तिथे आवाज इतका कमी ठेवला होता की बाजूच्याचे वेफर्स जास्त ऐकू येत होते. १९३२ सालचं मिसिसिपी, अख्खा पिक्चर ब्लूज संगीतावर उभा, गाण्याच्या ताकदीने भूतकाळातले आणि पुढचे लोक एकाच खोलीत नाचायला लागतात असा सीन, आणि बेस ऐकूच येत नाही! बाहेर जाऊन सांगितलं तर म्हणे फॅमिली पब्लिक तक्रार करतं. मला रडायला आलं हो. त्या पिक्चरमधल्या पिशाचाला घरातल्याने बोलावल्याशिवाय आत येता येत नाही, ते दारात उभं राहून गोड बोलत राहतं, ती दारातली कुजबुज कमी आवाजात मेली.

शेवटचा_शो:
@साउंडवाला, दारातलं पिशाच, क्या बात! ‘शैतान’मध्ये माधवन काय करतो, मोबाइल चार्ज करायला म्हणून आत येतो. आपणच दार उघडतो. घरातलं भूत मारता येतं, पण पाहुणा म्हणून आलेल्याला बाहेर कसं काढायचं, पाणी विचारून झालेलं असतं.

कारेलीबागवाले काका:
बाळांनो, तुम्ही शेवटावर वाद घालताय म्हणून लिहितो. आम्ही सेंट्रल लायब्ररीतून नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आणून वाचायचो. सयाजीरावांची ती लायब्ररी, लोखंडी मांडण्या आणि वरच्या मजल्याला काचेची जमीन, खालून कोणी चाललं की सावली हलायची, पुस्तक घेऊन तिथेच उभं राहून दोन पानं वाचली की पाय उचलवत नसे. मतकरींच्या कथेत शेवटचं वाक्य आलं की घरातली ओळखीची वस्तू परकी वाटायला लागायची. तिथे कोणी मांत्रिक येऊन सोडवत नसे. त्यामुळे मी मूळ प्रश्नापुरता शेवटचा_शोच्या बाजूने.

राही अनिल बर्वेने ‘तुंबाड’चं बीज धारपांच्या कथेतूनच घेतलं. २०१८ मध्ये लोकांनी तो जेमतेम पाहिला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. सांगायचं म्हणजे अशा पिक्चरांना प्रेक्षक असतो, पोचायला वेळ लागतो. मामूटीचा ‘भ्रमयुगम्’ मी घरी पाहिला, सगळा काळा-पांढरा, एक पडका वाडा आणि तीन माणसं. त्या म्हाताऱ्याचं नुसतं हसणं पुरे होतं.

पण ‘वश’बद्दल माझी एक वेगळी अडचण आहे आणि ती कोणी मांडली नाही. आपल्या गुजरातेत ‘मेली विद्या’, म्हणजे काळी जादू, हा शब्द लोक अजून खरा मानतात. रेल्वे स्टेशनच्या बाहेर वशीकरणाची पत्रकं भिंतीला चिकटवलेली असतात. काळ्या जादूविरुद्ध कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, आपल्या विधानसभेने २०२४ मध्ये केला. अशा ठिकाणी ‘वश करता येतं आणि त्यावर उपाय नाही’ असं दाखवणारा पिक्चर नेमकं काय पेरतो?

रावपुऱ्याची:
काका, हे मी लिहायला हवं होतं. आमच्या गल्लीत एका मुलीचं लग्न मोडलं तर तिच्यावर कोणीतरी केलंय म्हणून घरच्यांनी तिला कुठे कुठे नेलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. ती डॉक्टरकडे वर्षभर उशिरा पोचली.

शेवटचा_शो:
काका, तुमचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते दुसऱ्या पिक्चरमध्ये आहे. हृषीकेश गुप्तेचा ‘जारण’, जून २०२५. अमृता सुभाष आपल्यावर करणी झालीय असं मानून जगतेय आणि आपल्याला कधी वाटतं खरंच झालीय, कधी वाटतं ही बाई आजारी आहे, हिला धरून बसणारं कोणीतरी हवं. अनिता दाते नुसती बघते तरी पोटात खड्डा पडतो. त्यातही शेवटी हातात उत्तर ठेवत नाहीत, पण त्या न ठेवण्यात माणसाच्या मनाबद्दल कणव आहे. ‘वश’मध्ये ती कणव फक्त बापाच्या वाट्याला आलीय, मुलीच्या नाही, हे मला ताईंचं वाचून काल रात्री जाणवलं. आर्याच्या डोक्यात त्या बारा वर्षांत काय चाललं होतं हे दोन पिक्चर होऊन गेले तरी मला माहीत नाही. चार वेळा बघून हा प्रश्न मला पडला नव्हता.

तरी मी ‘वश’ सोडणार नाही. ताई, तुम्हाला राग आला म्हणता, मलाही आला होता, पण तो राग मला त्या माणसाचा आला, बनवणाऱ्याचा नाही. गोड बोलून मुलींना ताब्यात घेणारी माणसं खरी असतात, त्यांना मंत्र लागत नाही. हिंदीत त्याची जीभ कापली जाते, तो कैदेत पडतो आणि मुलगी पूर्ववत होते, हे मला खोटं वाटतं, कारण ज्या मुलींच्या बाबतीत असं होतं त्या पूर्ववत होत नाहीत, त्यांचे आईबाप बारा वर्षं तसेच बसून असतात.

मांजलपूरचा:
हे वाचून मी थोडा गप्प झालो. ‘जारण’ आजीबरोबर बघू का?

कारेलीबागवाले काका:
जरूर बघ. दिवसा बघ, आणि नंतर त्यांना बोलू दे.

रावपुऱ्याची:
शेवटचा_शो, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. पटलं असं नाही म्हणणार. मला अजूनही वाटतं की त्या मुलींना गच्चीवर न नेता हे सांगता आलं असतं, आणि बारा वर्षांचं दुःख सांगायचं असेल तर बारा वर्षं दाखवा, उड्या कशाला दाखवता. पण ‘गोड बोलणारी माणसं खरी असतात’ हे मी मुलीला सांगायला बघत होते गेले कित्येक महिने आणि तिला ते आईचं लेक्चर वाटतं.

ती माझ्या खांद्यावरून हा सगळा वाद वाचत होती. आत्ता विचारतेय की हा ‘वश’ कुठे बघायला मिळतो. मी अजून सांगितलेलं नाही.