प्रसाद नाकारणं ही ख्रिस्ती माणसाची परीक्षा कधीपासून झाली?

शेवगावकर

सर्वांना सलाम. गणपतीत आपल्या लोकांच्या गटांतून एक पोस्ट फिरली. मजकूर थोडक्यात असा : शेजाऱ्याने प्रसाद आणला तर दारातच नको म्हणा. तोंडावर नाही म्हणवत नसेल तर घ्या, दार लावा आणि नंतर कुत्र्याला घाला. प्रसाद खाणारा ख्रिस्ती प्रभूच्या आणि भुतांच्या अशा दोन मेजांवर बसतो. खाली आमेनची रांग.

मी गप्पच बसणार होतो, पण ते कुत्र्याचं वाक्य डोक्यातून जाईना. आमचे वडील नगरला दवाखान्यात होते तेव्हा ज्या काकू रोज डबा पाठवायच्या, त्याच गणपतीत मोदक घेऊन येतात. त्यांच्या हातून हसून घ्यायचं आणि दार लावून कुत्र्यापुढे टाकायचं, ही पवित्रता? याला साध्या मराठीत खोटेपणा म्हणतात, आणि त्याविरुद्ध थेट आज्ञा आहे.

बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथकरांना काय लिहितो? मूर्ती म्हणजे काहीच नाही, देव एकच आहे, अन्नाने आपण देवाच्या जवळ जात नाही की लांब जात नाही. हे तो मिशन कंपाउंडात बसून लिहीत नव्हता. करिंथच्या बाजारात येणारं मांस बरंचसं देवळांतूनच यायचं. अस्क्लेपियस या ग्रीक आरोग्यदेवाच्या देवळाजवळ तर जेवणाच्या खोल्याच होत्या, उत्खननात सापडल्यात. अशा गावात राहणाऱ्यांना तो सांगतो की बाजारात विकतात ते खा, चौकश्या करत बसू नका.

मग जर्मन धर्मसुधारक ल्यूथर. १५२० साली त्याने लिहिलं की ख्रिस्ती माणूस सर्वांचा धनी आहे, कुणाच्याही ताब्यात नाही. १५२२ साली झुरिकमध्ये लेंटच्या उपासात फ्रोशाउअर नावाच्या छापखानावाल्याच्या घरी लोकांनी सॉसेज खाल्ली आणि तिथली धर्मसुधारणा पेटली. आपली पंडिता रमाबाई घ्या. १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला, तरी शाकाहार सोडला नाही. तिथल्या सिस्टरला तिने १८८५ मध्ये स्पष्ट कळवलं की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान देणार नाही.

आणि आपण? कोणी कोणाकडचं काय खाल्लं याची हजेरी घेतोय. मी मोदक खातो. आभार मानून खातो. पुढच्या वर्षीही खाणार.

खरंखोटं

छान लिहिलंय, फक्त अर्धंच वाचून लिहिलंय. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय उघडलात आणि सोयीच्या ओळीवर मिटलात. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल म्हणतो की माझ्या खाण्याने भाऊ विश्वासात अडखळत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही. दहाव्यात तर अगदी तुमचाच प्रसंग आहे. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण ‘हे नैवेद्याचं आहे’ असं कोणी सांगितलं तर खाऊ नका. काकू मोदक देताना काय म्हणतात? ‘गोड खा’ म्हणतात का? ‘प्रसाद आहे’ असंच म्हणतात ना? संपला विषय.

प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय : नैवेद्य वर्ज्य. प्रकटीकरण, दुसरा अध्याय : पर्गम आणि थुवतीराच्या मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या चर्चना, प्रभू स्वतः झापतो, कारणांत नैवेद्य खाणं आहे.

आणि झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली त्या सॉसेजच्या बैठकीला हजर होता, पण त्याने तोंड लावलं नाही. हे का गाळलंत? ल्यूथरचंही पुढचं वाक्य गाळलंत : ख्रिस्ती माणूस सर्वांचा दास आहे, सर्वांच्या ताब्यात आहे.

शेवगावकर

झ्विंग्लीने खाल्लं नाही आणि नंतर व्यासपीठावरून खाणाऱ्यांची बाजू घेतली. तुम्ही यातलं काय करताय? दोन्ही नाही.

थुवतीरात नैवेद्याच्या जोडीला व्यभिचार होता, ते प्रकरणच वेगळं. कृत्ये पंधराच्या यादीत नैवेद्यासोबत रक्तही वर्ज्य आहे. मागच्या कापणीच्या सणाला आपल्याकडच्या जेवणात रक्ती, म्हणजे शिजवलेलं रक्त, कोणी दोनदा मागून घेतली? नाव लिहीत नाही.

खरंखोटं

विषय बदलू नका.

शेवगावकर

म्हणजे घेतली होती.

वसईकर

तुम्हा प्रोटेस्टंट लोकांची ही भांडणं वाचून करमणूक होते. आम्हा कॅथलिकांकडे १९६९ सालीच भारतातल्या बिशपांचे उपासनेबद्दलचे बारा मुद्दे रोमने मान्य केले. जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, मिस्सात आरती, सगळं रीतसर. आमचं काही अडखळत नाही.

नाशिककर

रीतसर वा! १७३६ साली गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे तुमच्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, ख्रिस्ती घरांना तुळस लावायला, लग्नात ओव्या म्हणायला, धोतर नेसायला बंदी घातली. बिनमिठाचा भात शिजवणंसुद्धा गुन्हा, कारण हिंदू तसा शिजवतात. भातात मीठ आहे का ते तपासणारा धर्म तुमचाच. तुम्हाला सव्वादोनशे वर्षांनी परवानगी मिळाली, त्याला मोकळीक म्हणू नका.

वसईकर

तो हुकूम काढणारे कोण आणि सोसणारे कोण? आम्ही सोसणारे. गोव्यातल्या बायकांनी ओव्या तरीही जपल्या. इतिहास शिकवताना मार खाणाऱ्याला मारणाऱ्याच्या रांगेत उभं करू नका.

नाशिककर

ठीक, एवढं मान्य. बाकीचं नाही.

मूळ विषयावर : उलट्या बाजूने हेच पुण्यात झालंय. १८९० ची पंचहौद मिशनची चहाची गोष्ट शाळेत ऐकली असेलच. रानडे, टिळक वगैरे मंडळी गेली, पुढे चहा-बिस्किटं आली, कोणी घेतलं, कोणी कप नुसता हातात धरला. नावं छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आज आपण ‘प्रसाद खाल्ला’ म्हणून बोंबलतो, तेव्हा ते ‘मिशनचा चहा प्यायला’ म्हणून बोंबलत होते. रानड्यांना स्वतःला त्यात काही पाप वाटत नव्हतं, तरी मित्रांची अडचण होते म्हणून त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांनी त्यावर त्यांना खूप बोल लावला. मला विचाराल तर पौलाचं ‘भावासाठी सोडतो’ हे रानड्यांनी करून दाखवलं. ख्रिस्ती न होता.

शेवगावकर

आणि मला विचाराल तर तिथेच ते चुकले. भावासाठी सोडणं वेगळं आणि भावांनी पंचायत बसवून सोडायला लावणं वेगळं. आमच्या मंडळीतला पौलाच्या भाषेतला ‘दुर्बळ बंधू’ कोण, माहिती आहे? कमिटीचे सचिव. तीस वर्षं पदावर आहेत, आवाज खणखणीत, आणि काहीही नवीन काढलं की त्यांना लगेच अडखळण होते.

नवी_वाट

इतका वेळ वाचत होते. आता लिहिते.

मी गडहिंग्लजकडची. माझी मावशी जोगतीण. यल्लम्माला सोडली तेव्हा ती शाळेत जायच्या वयाची होती. घरात देवीचा नैवेद्य म्हणजे काय, हे आम्ही तिच्याकडे बघून शिकलो. आई म्हणायची, हा खाल्लास की तू तिची. हे वाक्य भीतीने नाही, मायेने म्हणायची. मी बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी आई माझ्याशी बोलायची बंद झाली.

तुम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. तुम्हाला मोदक म्हणजे खोबरं आणि गूळ. मला तो करार वाटतो. तुमच्या ज्ञानाने मूर्ती काहीच नाही. माझ्या डोक्यालाही ते पटलंय. अंगाला पटायला वेळ लागतोय.

एका घरी प्रार्थनेच्या संगतीला बशीत प्रसादाचे पेढे सगळ्यांसमोर फिरवले. मी पाणी पिऊन बसले. कोणीतरी हसून म्हणालं, ‘ताईंचा अजून विश्वास कच्चा आहे.’ कच्चा? मी घर सोडून आले. तुम्ही ख्रिस्तासाठी आजवर काय सोडलंत, ते एकदा लिहा. पेढा तरी सोडलात का?

आणि खरंखोटं, तुम्हालाही सांगते. माझ्या नावाने दुसऱ्यांना दटावू नका. मी तुमच्याकडे तक्रार घेऊन आले नव्हते. ते कुत्र्याचं वाक्य वाचून मलाही किळस आली. माझी आई प्रसाद करते. ती जे हाताने वळते, ते कोणी कुत्र्याला घातलेलं मला चालणार नाही.

शेवगावकर

ताई, पेढे फिरवणारे आम्ही नव्हतो, पण प्रश्न आमच्यावर येतो हे दिसतंय. तुम्ही जिथे येणार तिथे ती बशी निघणार नाही, निदान आमच्या घरी. काकूंचे मोदक मात्र खाणार, कारण तिथे अडखळेल असं कोणी नसतं. याहून जास्त माझ्याकडून निघणार नाही.

खरंखोटं

बघा, शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात.

शेवगावकर

तुमच्या नाही, ताईंच्या. तुम्ही अध्याय मोजत होतात.

बँकेतली

मोदकावर एवढं झालं, आता टिकलीवर बोलू या का? पुरुषांनी मोदक खाल्ला की ती मोकळीक, चर्चा, ल्यूथर, झ्विंग्ली. मी ऑफिसला टिकली लावून गेले आणि तशीच संध्याकाळच्या प्रार्थनेला आले, तर प्रभूभोजनाआधी एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन ‘तेवढं काढता का’ म्हटलं. रांगेत सगळ्यांसमोर. माझ्यासाठी कोणी १५२० साल काढलं नाही.

आणि मंगळसूत्र? काळे मणी, दोन वाट्या, सगळं तेच. फक्त मधे क्रूस ओवला की ख्रिस्ती झालं. टिकलीत क्रूस कसा ओवायचा तेवढं कमिटीने सांगावं.

खरंखोटं

मंगळसूत्र लग्नाची खूण आहे. कुंकू पूजेतून येतं. फरक आहे.

बँकेतली

माझी टिकली रेल्वेत दहा रुपयांच्या पाकिटातून येते.

वसईकर

आमच्याकडे...

बँकेतली

दादा, तुमच्या बारा मुद्द्यांत टिकली आहे का ते आधी बघा.

मिरजेची_मावशी

बाळ, तू चिडू नकोस, पण ऐक. आमच्या आजीने बाप्तिस्म्याच्या दिवशी कुंकू स्वतःच्या हाताने पुसलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे आजोबा गेले. शेजारच्या बायका रीतीप्रमाणे कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला आल्या. आजी म्हणाली, पुसायला काही ठेवलंच नाही मी. तिच्या सोबतीच्या विधवा सणासमारंभाला मागच्या दाराने यायच्या, आजी पुढच्या दाराने जायची. आमच्या पिढीला रिकामं कपाळ म्हणजे बंदी वाटत नव्हती. ती सुटका होती. तुला आज टिकलीत मोकळीक दिसते, तिला ती न लावण्यात दिसली.

बँकेतली

मावशी, हे मला माहीत नव्हतं, आणि आजींना सलाम. पण तुम्हीच लिहिलंत : ‘कोणी सांगितलं नव्हतं.’ आजीने ठरवलं. मग मलाही ठरवू द्या. आजीची सुटका नियम करून माझ्या कपाळावर चिकटवली की ती सुटका राहत नाही.

मिरजेची_मावशी

ते खरं. पण तुझं बघून आमच्या नव्या मुली हळदीकुंकवाला जायला लागल्या तर?

बँकेतली

मी दरवर्षी जाते. वाण घेते, कुंकवाला हात जोडून नको म्हणते. कोणी रागावलं नाही. त्या बायका तुमच्या कमिटीपेक्षा समजूतदार आहेत.

खरंखोटं

आता हळदीकुंकूही! काल मोदक, आज वाण, उद्या आरतीचं ताट. मर्यादा कुठे आहे ते कोणी सांगेल का?

नवी_वाट

मी सांगते. मला विचारा. प्रत्येक ठिकाणी माझ्यासारखं कोणी बसलेलं असतं, त्याला विचारा. ग्रंथ काढायच्या आधी.

बँकेतली ताई, तुमच्या टिकलीने मी अडखळत नाही. उलट त्या दिवशी तुम्हाला रांगेतून बाजूला काढलं ते मी पाहिलं असतं तर तिथेच अडखळले असते.

खरंखोटं

भावनेवर सिद्धांत चालत नाहीत.

नाशिककर

पौलाचा पूर्ण आठवा अध्याय एका माणसाच्या मनाला काय होतं यावर चालतो. ज्ञानाने माणूस फुगतो, हे तुमचंच पाठांतर असेल ना?

जुनी_मंडळी

टिकली, मोदक, पेढे. १९७० ला नागपूरला सहा प्रोटेस्टंट पंथ एक होऊन सीएनआय मंडळी झाली तेव्हापासून मी बघतोय. मिशनच्या मोक्याच्या जागा एकेक करून गेल्या, शाळेचं मैदान गेलं, कब्रस्तानाच्या भिंतीला लागून गाळे निघाले. यावर एकही अध्याय कोणी काढत नाही. विश्वासूंनी काय खावं याची चौकशी, आणि विश्वस्तांनी काय खाल्लं याची नाही.

शेवगावकर

काका, दर चर्चेत जमीन.

जुनी_मंडळी

कारण दर चर्चेत जमीन सोडून सगळं असतं.

खरंखोटं

एका वाक्यापुरता मी काकांच्या बाजूने. आणि ते कुत्र्याचं वाक्य मलाही आवडलेलं नव्हतं, हे नोंदवून ठेवतो. बाकी माझं मत जागेवर आहे. प्रसाद सांगून दिला तर मी नको म्हणणार, दारातच, तोंडावर, नम्रपणे.

शेवगावकर

तोंडावर आणि नम्रपणे असेल तर माझी हरकत कधीच नव्हती. एवढं आधी लिहिलं असतंत तर माझी दुपार वाचली असती.

खरंखोटं

तुम्ही विचारलं नाहीत. थेट रमाबाई काढल्यात.

बँकेतली

तुमची दिलजमाई झाली असेल तर कामाचं. आमच्या मंडळीत पुढच्या रविवारी उपासनेनंतर बैठक आहे. ‘स्त्रियांच्या वेशभूषेबाबत मार्गदर्शन’ असा विषय आहे, म्हणजे काय ते कळलंच. कमिटीत एकही बाई नाही. इथे मोकळीक, मोकळीक लिहिणाऱ्या पुरुषांपैकी आमच्या मंडळीचे निदान दोघे आहेत, मला नावं माहीत आहेत. तिथे उठून बोलणार आहात का?

नाशिककर

मी तुमच्या मंडळीचा नाही, नाहीतर आलो असतो.

बँकेतली

हे सगळ्यांना सोपं आहे. बाकीचे?

मिरजेची_मावशी

मी येते. आजीचं सांगते. तुझ्या बाजूने की विरुद्ध, ते मात्र तिथे गेल्यावर ठरेल.

जुनी_मंडळी

मीही आहे त्या मंडळीचा. येतो. त्याच बैठकीत गाळ्यांचा हिशेब मागणार.