मदत हवी आहे: ताळेबंदात लपवलेलं कर्ज

मंडळी, नमस्कार. इंदूरहून लिहितोय. आमची घरचीच प्रायव्हेट लिमिटेड आहे, पॅकिंग मशिनांची. बाबांच्या पश्चात शेअर माझ्या नावावर आले, संचालक मात्र काका.

यंदा वार्षिक सभेआधी ताळेबंद हाती आला. टिपांमध्ये 'संबंधित पक्षांशी व्यवहार : निरंक'. आणि खातेवहीत चुलतभावाच्या फर्मला दिलेले 18 लाख, बिनव्याजी! ते 'इतर येणी'त ढकललेत. लेखामानक 18 (संबंधित पक्षांचे व्यवहार उघड करण्याचा नियम) प्रमाणे हे दाखवायलाच हवं ना? ऑडिटरांना विचारलं, तर म्हणाले, 'घरचंच आहे, कशाला ताणता?' (चहा मात्र छान पाजला.)

एनएफआरए (मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटवर देखरेख करणारी सरकारी संस्था) आमच्यासारख्या छोट्या प्रायव्हेट कंपन्यांकडे बघत नाही, हे ठाऊक आहे. मग थेट ग्वाल्हेरला कंपनी रजिस्ट्रारकडे तक्रार करू, की आधी काकांना कंपनी कायद्याच्या कलम 131 खाली कंपनी ट्रिब्युनलच्या (एनसीएलटी) परवानगीने ताळेबंद दुरुस्त करायला सांगू? तो अर्ज संचालकांनीच करायचा असतो, इथेच गाडी अडते. ऑडिटरांविरुद्ध आयसीएआयकडे (सीएंची संस्था) वेगळं जावं लागेल का?

सभा झाली की 30 दिवसांत एओसी-4 (रजिस्ट्रारकडे ताळेबंद दाखल करायचा फॉर्म) भरला जाईल. त्याआधी काय करता येईल? कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. दिवाळीला काकांकडेच फराळाला जायचंय.